बुद्धिमान् मुलांचा शोध

आपल्या वर्गांत सर्वांत हुशार कोण, असें विचारलें तर बहुतेक मुलें एकाच मुलाकडे बोट दाखवितील. त्याचा पहिला नंबर येतो, त्याचें अक्षर वळणदार असतें आणि मास्तरांचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच त्याचा हात वर झालेला असतो. ह्या मुलाची हुशारी नाकारण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु ज्या शाळा सरकारच्या किंवा म्युनिसिपालिटीच्या पैशानें चालतात, जेथें वस्तींतील कोणाचेंही मूल येऊन बसूं शकतें, अशा सार्वजनिक शाळांत असामान्य बुद्धीचीं मुलें ओळखावीं कशीं, आणि ओळखल्यावर त्यांस शिकवावें काय, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें शिक्षणशास्त्रज्ञांपुढें आहे. नुसत्या नंबराकडे पाहून त्याचें उत्तर मिळत नाहीं. मुंबईंतील, आणि त्यांतही आपल्या माहीम-परळ-गिरगांव ह्या भागांतील, उदाहरणें घेऊन ह्या प्रश्नाची ओळख विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

बुद्धि मोजण्याची जी रीत आज सर्वत्र प्रसिद्ध आहे, तिचा जन्म हुशार मुलांसाठीं झालाच नव्हता. फ्रान्स देशांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें झाल्यावर पॅरिसच्या शाळांत सर्व तऱ्हेचीं मुलें येऊं लागलीं. अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलांस वेगळी मदत द्यावयाची, तर अशीं मुलें कोणतीं हें आधीं ठरविणें प्राप्त होतें. हें काम आल्फ्रेड बिने ह्या मानसशास्त्रज्ञानें अंगावर घेतलें. थिओडोर सिमोन ह्या डॉक्टराच्या साहाय्यानें त्यानें १९०५ सालीं सोप्याकडून कठिणाकडे चढत जाणारी प्रश्नांची एक मालिका तयार केली, आणि १९०८ सालीं ते प्रश्न वयानुसार लावले. अमुक प्रश्न सर्वसाधारण सात वर्षांच्या मुलास सुटतो, अमुक आठ वर्षांच्या मुलास सुटतो, अशी ही रचना होती. पुढें १९१२ सालीं विल्यम स्टर्न ह्या जर्मन पंडितानें ह्या मापास भागाकाराची जोड दिली. समजा, एका दहा वर्षांच्या मुलीनें बारा वर्षांच्या सर्वसाधारण मुलास सुटणारे प्रश्न सोडविले. तर तिचें मानसिक वय बारा धरावयाचें. बारांस दहांनीं भागून शंभरांनीं गुणलें म्हणजे १२० हा आंकडा येतो. हाच तिचा बुद्ध्यंक. दहा वर्षांच्या मुलास आठ वर्षांचेच प्रश्न सुटले तर त्याचा बुद्ध्यंक ८० होईल. गणित इतकें सोपें असल्यामुळेंच कीं काय, लोकांचा त्यावर भलताच विश्वास बसला. स्वतः बिनेचें मत मात्र असें होतें कीं, बुद्धि ही कायमची ठरलेली वस्तु नसून योग्य शिक्षणानें ती वाढवितां येते.

अमेरिकेंत लुईस टर्मन ह्यांनीं १९१६ सालीं ही कसोटी सुधारून घेतली, आणि मागें राहिलेल्यांसाठीं निघालेलें हें माप पुढें गेलेल्यांच्या शोधास लावलें. १९२१ सालीं त्यांनीं कॅलिफोर्नियांतील शाळांतून सुमारें दीड हजार मुलें निवडलीं व त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास आरंभ केला. तें काम टर्मन ह्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिलें. निवडलेल्यांपैकीं पुष्कळजण चांगले शिकले व चांगल्या हुद्द्यांवर चढले. परंतु ह्या शोधांत दोन मुलांची परीक्षा होऊनही तीं पुरेशीं बुद्धिमान् नाहींत म्हणून वगळलीं गेलीं होतीं. एकाचें नांव विल्यम शॉकले आणि दुसऱ्याचें लुईस अल्वारेझ. पहिल्यास १९५६ सालीं आणि दुसऱ्यास १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्या दीड हजारांपैकीं तें एकासही मिळालें नाहीं! चाळणी कितीही बारीक केली तरी मोतीं खालीं पडूं शकतात, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

आपल्या भाषेंतही हें काम झालेलें आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनीं मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठीं बिनेच्या कसोट्यांचें नवें रूप सिद्ध केलें, आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. नुसतें भाषांतर करून हें काम भागत नाहीं. जो प्रश्न पॅरिसच्या मुलास आठव्या वर्षीं सुटतो, तो धारवाडच्या किंवा बेळगांवच्या मुलास कितव्या वर्षीं सुटतो, हें शेंकडों मुलांस प्रत्यक्ष विचारूनच ठरवावें लागतें. मुलाच्या पाहण्यांत जीं नाणीं, जे प्राणी, जीं भांडीं असतील, त्यांविषयींच विचारावें लागतें. मुंबईस तर ही अडचण अधिकच मोठी. येथील म्युनिसिपालिटी मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामीळ, तेलुगु, कानडी व इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवीत आलेली आहे. माहीमच्या कोळीवाड्यांतील मुलगी आणि धारावींत घरीं तामीळ बोलणारा मुलगा, ह्या दोघांची बुद्धि एकाच मराठी प्रश्नपत्रिकेनें मोजली, तर मोजमाप बुद्धीचें झालें कीं भाषेचें?

कोळीवाड्याचाच दाखला पुढें नेऊं. आई मासळीचे वाटे लावून बसली आहे आणि शेजारीं तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे. गिऱ्हाईक तीन वाटे मागतें, त्यांतला एक लहान म्हणून दाम कमी करावयास लावतें, शंभराची नोट पुढें करतें. ही मुलगी क्षणांत परत द्यावयाचे पैसे मोजून हातावर ठेवते. तोच हिशेब दुसरे दिवशीं पुस्तकांत, ‘एका विक्रेत्यानें शेंकडा इतक्या सवलतीनें’ अशा भाषेंत आला कीं तिचें गणित चुकतें, आणि शिक्षक तिच्या नांवापुढें ‘बेताची’ असा शेरा मारतात. मुलगी बेताची कीं प्रश्नाची भाषा बेताची, हें पाहण्यास कोणास सवड नसते.

आतां एका खऱ्या विद्यार्थ्याकडे वळूं. ह्या शतकाच्या मागील शतकाच्या आरंभीं, १९०४ च्या सुमारास, साताऱ्याहून एक निवृत्त सुभेदार आपलें कुटुंब घेऊन मुंबईस आले व परळच्या डबक चाळींत एका खोलींत राहूं लागले. तींतच चूल, तींतच निजणें, तींतच अभ्यास. त्यांच्या धाकट्या मुलास वाचनाचें विलक्षण वेड होतें. दिवसां घरांत अभ्यास होण्यासारखा नव्हता, म्हणून मुलानें लवकर निजावें आणि वडिलांनीं त्यास पहांटे दोन वाजतां उठवावें, असा त्या घरचा परिपाठ होता. अभ्यासाच्या पुस्तकांशिवाय इतर पुस्तकें आणावयाची तर पैसे कोठून यावे? वडील आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांजकडून पैसे उसने घेत, आणि त्यांजपाशीं पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत. मुलगा आधीं मराठा हायस्कुलांत व नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलांत जाऊं लागला. एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा. शहरांतील उत्तम शाळांत तिची गणना होत असे. पण मुलगा अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. एकदां शिक्षकांनीं त्यास गणित सोडविण्यासाठीं फळ्याजवळ बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गांतील मुलें धांवत गेलीं व त्यांनीं ते डबे बाजूस काढले. सरकारी शाळेचें दार उघडें होतें. आंतली परिस्थिति ही अशी होती.

हा मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला. त्यास ७५० पैकीं २८२ गुण मिळाले. शेंकडा अडतीसही भरत नाहींत! त्या काळीं परीक्षक गुण हात आंखडून देत हें खरें. तरीही पहिल्या पांच-पन्नासांत ह्या विद्यार्थ्याचें नांव नव्हतें. वाचकांनीं ओळखलेंच असेल, हेच डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

त्यांच्या मॅट्रिकच्या हकीगतींत एक बारीकशी गोष्ट आहे आणि ती आपल्या विषयाच्या अगदीं मर्माची आहे. मुंबई इलाख्यांतील हुशार मुलांचें त्या काळचें सर्वांत मानाचें पारितोषिक म्हणजे जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति. मुंबईंतील शिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते नाना शंकरशेट १८६५ सालीं निवर्तल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ती ठेवण्यांत आली, आणि मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतमध्यें पहिला येणाऱ्यास ती मिळत असे. १९१२ सालीं चिंतामणराव देशमुख ह्यांनीं ती मिळविली. हेच पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही शिष्यवृत्ति कोणत्याही एका जातीसाठीं राखलेली नव्हती. जो संस्कृतमध्यें पहिला येईल त्यानें ती घ्यावी! परंतु आंबेडकरांस संस्कृत शिकण्याची उत्कट इच्छा असूनही त्यांस तें शाळेंत शिकवावयास शिक्षक तयार झाले नाहींत, आणि नाइलाजानें त्यांस फारशी भाषा घ्यावी लागली. संस्कृत त्यांनीं पुढें स्वतःच्या कष्टांनीं शिकून घेतलें. शर्यत सर्वांस खुली असते, परंतु तिच्या मैदानावर पाय ठेवण्याची सर्वांस मुभा असतेच असें नाहीं. हुशार मुलांसाठीं आजही ज्या ज्या परीक्षा निघतात, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न पहिल्यानें विचारला पाहिजे. (जातां जातां सांगावयाचें तर, १९५० ते १९५१ ह्या काळांत देशमुख व आंबेडकर हे दोघेही एकाच केंद्रीय मंत्रिमंडळांत होते.)

मग परीक्षेनें जो मुलगा निवडला नाहीं, त्यास निवडलें कोणीं? तर एका शिक्षकानें. गिरगांवांतील विल्सन हायस्कुलांत शिकविणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळीं चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसत. तेथें शाळा सुटल्यावर एक मुलगा येऊन पुस्तकांत बुडून गेलेला त्यांच्या दृष्टीस पडूं लागला. तो त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनीं विचारपूस केली, पुस्तकें दिलीं, काय वाचावें तें सांगितलें. मॅट्रिक झाल्याबद्दल भरलेल्या अभिनंदनाच्या सभेंत आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांनीं ह्या विद्यार्थ्यास भेट दिलें. पुढें कॉलेजच्या खर्चाची ओढाताण होऊं लागली तेव्हां त्यांनींच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडे शब्द टाकला, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. तिच्या आधारावर १९१२ सालीं बी. ए. ची परीक्षा पार पडली. १९१३ सालीं महाराजांनीं तीन वर्षांसाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली, आणि परळच्या चाळींतला विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाला.

बुद्ध्यंकाची कसोटी नाहीं, स्पर्धा-परीक्षा नाहीं. डोळे उघडे ठेवून बागेंत बसलेला एक शिक्षक आणि वेळेवर मिळालेले दरमहा पंचवीस रुपये, एवढ्यावर हें घडलें. हें वाचून मनास उभारी येते. तितकीच काळजीही वाटते. कारण केळुसकर त्या बागेंत बसत नसते तर काय झालें असतें? ज्या मुलांस असा माणूस भेटला नाहीं, त्यांचीं नांवें आपल्यास ठाऊक नाहींत. योगायोगावर हें काम सोंपवूं नये म्हणूनच त्याची कांहीं पद्धत असावी, असें म्हणावें लागतें.

पद्धतीची पहिली पायरी म्हणजे मूल शाळेंत येणें. आपलें माहीम ज्या जी वॉर्डांत मोडत असे, त्या वॉर्डांत व शेजारच्या एफ वॉर्डांत मुंबई म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. सबंध शहरांत ही सक्ती प्रथम येथेंच आली, कारण ही गिरणी-कामगारांची व गरिबांची वस्ती. जे मूल वर्गांतच नाहीं त्याची बुद्धि कोण पारखणार?

दुसरी पायरी शिष्यवृत्ति-परीक्षेची. महाराष्ट्रांत ही परीक्षा अनेक वर्षें चौथी व सातवीच्या वर्गांत होत असे, मध्यंतरीं ती पांचवी व आठवीच्या वर्गांत नेण्यांत आली. भाषा व गणित ह्यांबरोबर तींत बुद्धिमत्ता चांचणी म्हणून एक भाग असतो. आंकड्यांची मालिका पुरी करा, गटांत न बसणारा शब्द ओळखा, आरशांतील आकृति कोणती, असे प्रश्न त्यांत येतात. ही कल्पना चांगली होती. ज्यास घरीं शिकविणारें कोणी नाहीं अशा मुलासही हे प्रश्न स्वतःच्या डोक्यानें सोडवितां यावे, हा त्यांतील हेतु. पण झालें काय? ह्या प्रश्नांचींही पुस्तकें निघालीं, क्लास निघाले, सकाळ-संध्याकाळ सराव सुरू झाला. जें कोडें प्रथमच पाहून सोडविण्यांत बुद्धीचा कस लागतो, तें शंभर वेळां घोटलें म्हणजे पाढ्यासारखें होतें. घोटून घेण्यास ज्याच्या घरीं पैसा व सवड आहे, तो पुढें जातो. आमच्या मतें ह्या परीक्षेनें खेड्यापाड्यांतील व म्युनिसिपल शाळांतील कित्येक मुलांस आत्मविश्वास दिला हें तिचें मोठें श्रेय आहे. परंतु तिचा निकाल म्हणजे बुद्धीचा निकाल असें समजण्याचे दिवस गेले.

निवडलेल्या मुलांसाठीं शाळाच वेगळी काढावी, हा तिसरा मार्ग. महाराष्ट्र सरकारनें १९६० नंतरच्या दशकांत ग्रामीण भागांतील गुणी मुलांसाठीं शासकीय विद्यानिकेतनें काढलीं. औरंगाबाद, धुळें, अमरावती, पुसेगांव येथें मुलांस राहण्या-जेवण्यासह शिक्षण मिळूं लागलें. पुण्यास डॉ. विनायक विश्वनाथ ऊर्फ आप्पा पेंडसे ह्यांनीं १९६२ सालीं ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली. तेथें आरंभीं निरनिराळ्या शाळांतील निवडक मुलांस शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचें शिक्षण मिळे; १९६९ सालीं अशा मुलांची स्वतंत्र शाळाच सुरू झाली. केंद्र सरकारनें नवोदय विद्यालयें काढलीं, त्यांतील पहिलीं दोन १९८५-८६ सालीं हरियाणांत झज्जर येथें व आपल्याकडे अमरावतीस निघालीं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पांचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन सहावीस प्रवेश द्यावयाचा आणि निदान शेंकडा ७५ जागा ग्रामीण मुलांस ठेवावयाच्या, असा त्यांचा नियम आहे. खेड्यांत ज्यास प्रयोगशाळा पाहावयासही मिळाली नसती, अशा मुलास अशा शाळेनें केवढें जग उघडून दिलें असेल, ह्याची कल्पना शहरांतील मुलांस येणार नाहीं.

परंतु वेगळ्या शाळेंत सगळीं मुलें घालतां येत नाहींत, आणि जो वर्ग मागें राहतो त्याचें काय, हा प्रश्न उरतो. वर्गांतील दोन-चार तल्लख मुलें उठून गेलीं म्हणजे इतरांचेंही नुकसान होतें. कारण मुलें मास्तरांइतकींच एकमेकांपासून शिकतात. शिवाय दहाव्या वर्षीं ‘तूं निवडलेला’ असा शिक्का बसलेल्या मुलाच्या मनांत थोडासा ताठा शिरतो, आणि न निवडलेल्याच्या मनांत कायमची निराशा. अल्वारेझ व शॉकले ह्यांची गोष्ट लक्षांत आणली तर हा शिक्का इतक्या लवकर मारूं नये असेंच वाटतें.

जुन्या काळीं आपल्या शाळांत एक सोपा उपाय होता. हुशार मुलास सहामाहींतच वरचा वर्ग देत. त्यास डबल प्रमोशन म्हणत. ह्यांत खर्च कांहीं नाहीं, आणि अभ्यासांत कंटाळलेल्या मुलास हुरूप येतो. पण नऊ वर्षांचें मूल अकरा वर्षांच्या मुलांत बसलें म्हणजे गणितांत बरोबरी होते, मैदानावर होत नाहीं. म्हणून पुष्कळ शिक्षणतज्ज्ञ वर्ग तोच ठेवून खाद्य वाढवावें असें म्हणतात. इतर मुलें दहा उदाहरणें सोडवीत असतां ह्या मुलास दोनच सोडवूं द्यावीं, आणि मग तीं दोन ज्या नियमानें सुटलीं तो नियम खरा कां, हें शोधावयास लावावें. ह्यास नवीन पुस्तक लागत नाहीं. शिक्षकाची तयारी मात्र लागते.

मुंबईच्या सार्वजनिक शाळांत ह्या विषयावर जें काम झालें, त्यांतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें हें केंद्र १९७४ सालीं स्थापन झालें. आज तें मानखुर्दला आहे. परंतु आरंभीं कित्येक वर्षें तें नाना चौकांतील म्युनिसिपल शाळेच्या इमारतींत होतें. हा चौक नाना शंकरशेटांच्याच नांवाचा, हा योगायोग वाचकांच्या लक्षांत येईलच. केंद्राचे पहिले संचालक प्रा. व्ही. जी. कुळकर्णी हे पदार्थविज्ञानाचे संशोधक. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनीं व डॉ. आगरकर ह्यांनीं म्युनिसिपल शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांतून होतकरू मुलें निवडून त्यांच्या बुद्धीस खतपाणी घालण्याचा प्रयोग केला. गरीब घरच्या मुलांत बुद्धिमान् मुलें शोधावीं असें म्हणणारे पुष्कळ होते. ह्यांनीं त्याला दुसरा शब्द जोडला, जोपासना. नुसतें शोधून बक्षीस द्यावयाचें आणि मुलास पुन्हां त्याच वर्गांत सोडावयाचें, ह्यांत फारसा अर्थ नाहीं. कांहीं वर्षें त्याच्या पाठीशीं उभें राहावें लागतें, असा त्यांचा विचार होता. शालान्त परीक्षेंत ह्या मुलांनीं चांगलें यश मिळविलें.

पण त्या केंद्राचा ह्याहूनही महत्त्वाचा शोध भाषेविषयींचा होता. मराठी माध्यमाच्या मुलांस शास्त्र कठीण जातें, त्याचें मोठें कारण शास्त्राच्या पुस्तकांची भाषा आहे, असें त्यांस दिसून आलें. मातृभाषेंतलें पुस्तकही मुलास परकें वाटावें इतकी ती संस्कृतप्रचुर व गुंतागुंतीची होती. त्यांनीं तोच विषय सोप्या मराठींत लिहून शिकविला, आणि मुलांची प्रगति आधींपेक्षां पुष्कळ चांगली झाली. मास्तरांपुढें मुलानें तोंड उघडावें, प्रश्न विचारावा, चुकीचें कां होईना पण स्वतःचें उत्तर द्यावें, ह्यावरही त्यांचा भर होता. घरीं ‘गप्प बैस’ आणि शाळेंतही ‘गप्प बैस’ ऐकलेल्या मुलाच्या डोक्यांत काय आहे हें कोणत्या कसोटीनें समजणार? आमच्या ह्या लेखाचीही भाषा जड आहे असें एखादा विद्यार्थी म्हणेल, आणि तें त्याचें म्हणणें अगदींच खोटें ठरणार नाहीं.

बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून सहावी व नववीच्या मुलांसाठीं होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आलें आहे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. तींत लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग करावा लागतो, आणि शेवटच्या पायरीवर स्वतः कांहीं शोधून काढून त्याविषयीं बोलावें लागतें. हात व डोळे ज्या परीक्षेंत वापरावे लागतात, ती पाठांतराच्या परीक्षेहून बरी. पण तिचेही क्लास निघाले आहेतच.

मुलींविषयीं थोडें निराळें लिहावें लागतें, कारण त्यांची हुशारी सिद्ध झाल्यावरही कित्येकदां दार उघडत नसे. कमला भागवत, ज्या पुढें कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आल्या. बंगलोरच्या विज्ञान संस्थेनें त्यांस बाई म्हणून प्रवेश नाकारला. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळविलेले सर चंद्रशेखर व्यंकट रामन! त्या हटून बसल्या, तेव्हां एक वर्ष पारखून पाहूं अशा अटीवर त्यांस घेतलें. १९३९ सालीं त्यांस केंब्रिजची पीएच्. डी. मिळाली. कोणत्याही घरांत भावाच्या क्लासची फी आधीं भरली जाते कीं बहिणीची, हें पालकांनीं आपापल्या मनाशीं पाहावें.

सरकारचें धोरण आज काय आहे? २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत विशेष गुणांच्या विद्यार्थ्यांसाठीं कांहीं कलमें आहेत. अशीं मुलें ओळखण्याचें व त्यांस वाढविण्याचें शिक्षण शिक्षकांच्या प्रशिक्षणांतच मिळावें, आणि शाळा, शाळासंकुल, जिल्हा अशा पायऱ्यांवर गणित, विज्ञान, संगीत, बुद्धिबळ, काव्य, भाषा अशा विषयांचीं मंडळें असावीं, असें त्यांत सुचविलें आहे. काव्य व संगीत ह्यांचा उल्लेख झाला हें फार बरें झालें. बुद्धिमान् म्हणजे गणितांत हुशार, ही समजूत आपल्या समाजांत इतकी खोल गेली आहे कीं चित्र काढणाऱ्या मुलास ‘अभ्यास कर’ म्हणून उठविलें जातें.

ज्या पालकांची मिळकत बेताची आहे त्यांनीं एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. केंद्र सरकारनें २००८ सालीं आठवीच्या मुलांसाठीं आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ति सुरू केली. सरकारी, म्युनिसिपल किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेंत शिकणारें मूल तिला बसूं शकतें. मात्र घरचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसावें आणि सातवींत शेंकडा ५५ गुण असावे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ही अट शेंकडा ५० ची आहे. नव्वद-नव्वद प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, एक बौद्धिक क्षमतेची व एक शाळेंतील विषयांची. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षास बारा हजार रुपये, म्हणजे दरमहा एक हजार, मुलाच्या बँकेंतील खात्यांत जमा होतात. दरवर्षीं पास होऊन गुण राखावे लागतात एवढेंच. महाराष्ट्राच्या वांट्यास अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. अर्ज शाळेमार्फत जातो, घरून परस्पर करतां येत नाहीं. त्यासाठीं तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो मिळण्यास बहुधा वेळ लागतो. म्हणून मूल आठवींत जातांच वर्गशिक्षकांची गांठ घेऊन तजवीज करावी.